ब्रह्मदेशातल्या सुभेदार राजकन्येचा माग कसा काढावा

मध्ययुगीन ब्रह्मदेशातल्या राजकन्येचा शोध घ्यायचा तर आधी तिचं गाव धरा, नाव नंतर. नावं बहुधा किताब असतात, आणि 'महादेवी' हा किताब एकीपुरता कधीच नव्हता. मला जी महादेवी फार मोलाची वाटते ती दक्षिण ब्रह्मदेशातल्या हंथावाडी राज्याचा राजा बिन्या ऊ याची थोरली बहीण, डगॉनची म्हणजे आजच्या यांगूनची सुभेदार. राजा, किताब आणि गाव एकत्र जुळले तरच ती तीच. राणी शिन सोबूशी तर अजिबात गल्लत नको. ती महादेवीच्या भाच्याची, म्हणजे पुढे राजा झालेल्या राझादरितची मुलगी, १४५४ ला गादीवर आली. उतारवयात तीही डगॉनलाच राहिली, म्हणून घोटाळा होतो.

मग साल. आपण शकात ७८ मिळवतो तसे बर्मी सनात ६३८ मिळवायचे. पण त्या काळी वर्ष मार्चअखेर पालटायचं, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या घटनांना ६३९. इथे कंटाळा करू नका. महादेवीच्या आयुष्यातली सगळी उलथापालथ ७४५ या एका सनातली आहे. मे १३८३ मध्ये तिनेच वाढवलेला भाचा बिन्या न्वे याने बंड करून डगॉन घेतलं. वर्ष सरता सरता आजारी भावाने कारभार रीतसर तिच्या हाती सोपवला. जानेवारी १३८४ मध्ये तो वारला आणि भाचा राझादरित म्हणून राजा झाला. सरसकट ६३८ मिळवलेत तर राजा बंडाच्या आधीच मरतो!

सुभेदार कायम सुभ्यातच असते असंही धरू नका. १३६९ नंतर राजधानी पेगूला म्हणजे आजच्या बागोला होती. भावाचं दुखणं वाढलं तसा महादेवी तिथूनच राज्य चालवत होती.

बखरी वाचताना मात्र सर्वांत जास्त वेळ द्या. त्या राझादरितच्या पराक्रमाच्या बखरी आहेत. त्याच्या वाटेत आलेल्या आत्याला त्यांत न्याय मिळेल ही अपेक्षाच चुकीची. स्मिम मरू या सरदाराशी तिचे प्रेमसंबंध होते, असं त्या सांगतात. ते टिपून ठेवा, पण तिची ओळख तिथून सुरू करू नका. तिने कुठला मुलूख सांभाळला, कोणाला वाढवलं, राजा अंथरुणाला खिळल्यावर हुकूम कोणाचे चालले, हे आधी मांडा. आणि गादी मिळाल्यावर राझादरितने डगॉन पुन्हा तिच्याच हाती दिलं, ही नोंद त्या आरोपाशेजारीच लिहा.