लहान कंपनीच्या भागधारकांनी सामूहिक अर्ज कसा करावा

कंपनीचा कारभार भागधारकांच्या हिताला बाधक रीतीने चालत असल्यास, कंपनी कायदा, 2013 च्या कलम 245 नुसार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे सामूहिक अर्ज करता येतो. नुसता भाव पडला, एवढी तक्रार मात्र पुरत नाही. एकूण सभासदांपैकी 5 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके अर्जदार लागतात, म्हणजे 60 सभासदांच्या कंपनीत तिघेही पुरतात. संचालकांबरोबरच, दिशाभूल करणारा अहवाल देणाऱ्या लेखापरीक्षकांकडूनही भरपाई मागता येते. अर्ज दाखल करून घेतल्यावर जाहीर नोटीस निघते आणि अंतिम आदेश सर्व सभासदांवर बंधनकारक ठरतो. अर्ज निरर्थक ठरल्यास 1 लाख रुपयांपर्यंतचा भुर्दंड अर्जदारांच्याच माथी बसू शकतो, म्हणून ताळेबंद आणि सभांच्या नोटिसा आधीच जुळवून ठेवाव्यात.