हॅमस्टर आणण्याआधी, सोलापूरचं ऊन धरून

पोरांचा हट्ट पुरवायचाच असेल, तर आधी जागा ठरवा. मार्च सरत आला की सोलापुरात पारा चाळिशीकडे धावतो, आणि उंदरासारख्या या छोट्या प्राण्याला वीस ते चोवीस अंश मानवतात. पत्र्याची खोली, गच्चीखालची खोली, पश्चिमेची खिडकी, तिन्ही बाद. कूलर असलेली खोली चालेल, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, त्यावर तो पोट टेकून पडेल. लाइट जाते म्हणून फ्रीजरमध्ये पाण्याची एक बाटली कायम गोठवलेली असू द्या. फडक्यात गुंडाळून बाहेरून टेकवायची. तो निपचित पडला, लाळ गळू लागली, तर गार जागी हलवून डॉक्टरकडे न्या. गार पाण्यात बुडवू नका.

नळ्यानळ्यांचा रंगीत पिंजरा दुकानात देखणा दिसतो, पण पैसे त्यात घालू नका. सपाट जागा निदान १०० बाय ५० सेंटीमीटर हवी. चाक फटी नसलेलं, सीरियन जातीसाठी २८ सेंटीमीटरच्या आसपास. तो रात्री पळणार, म्हणून पिंजरा झोपायच्या खोलीत नको. सीरियन असेल तर एकच आणा. जोडी वयात आली की एकमेकांना फाडते.

अंथरायला कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, चांगली वीतभर जाड, कारण त्याला बिळं करायची असतात. वखारीतला भुसा फुकट मिळाला तरी घेऊ नका. देवदार आणि पाइनचा उग्र दर्प त्याच्या श्वासाला बाधतो. आपल्या गावात टॉवेल-चादरींना तोटा नाही, तरी जुना टॉवेलही आत नको. टर्किशच्या फासात नख अडकतं, सुटलेला धागा पायाला आवळतो. कापूसही नको.

आता स्वच्छता. इथे हौसच जास्त नडते. हॅमस्टरला आंघोळ घालायची नसते. तो स्वतःला चाटून साफ ठेवतो. पसरट भांड्यात धूळ नसलेली कोरडी वाळू ठेवा, त्यात तो लोळतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात ही सोयच म्हणायची! मुतायला तो बहुधा एकच कोपरा धरतो. तेवढा भाग रोज काढा. सगळं अंथरूण एकदम बदललं तर स्वतःचा वास हरवून तो बिथरतो, म्हणून काही आठवड्यांनी बदलताना कोरडं जुनं थोडं परत मिसळा. फिनेल घराच्या फरशीला ठेवा. पिंजऱ्याला पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर पुरे, मग खडखडीत वाळवायचा. प्यायची बाटली मात्र रोज धुवायची.

गालात भरून तो दाणे लपवतो. ज्वारीचे चार दाणे चालतात, पण लपवलेली काकडी कुजते आणि मुंग्या हजर. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू आसपासही नको. मुख्य खाणं हॅमस्टरचंच तयार मिश्रण. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळं, चॉकलेट वर्ज्य. पुढचे दात आयुष्यभर वाढतात, कुरतडायला लाकूड द्या.

आणि पैसे देण्याआधी जवळच्या पशुवैद्यांना विचारून या, एवढासा प्राणी तपासता का म्हणून. म्हशी आणि कुत्री बघणारे सगळेच हो म्हणतील असं नाही.