इलिनॉयमधल्या स्थलांतरितांच्या संस्थेत ग्रँटचं काम: पैसा कुणाचा, ते आधी विचारा

एमएसडब्ल्यू किंवा पब्लिक पॉलिसी शिकायला शिकागोत येणाऱ्यांना फील्ड प्लेसमेंटला स्थलांतरितांसाठी काम करणारी छोटी संस्था मिळू शकते. तिथे भाषा येतात, एक्सेल येतं, एवढ्यावर ‘ग्रँटचा रिपोर्ट जरा बघ’ अशी जबाबदारी येऊन पडते. महाराष्ट्रात संस्थेत काम केलेलं असेल तर धीर वाटतो, पण गफलतही तिथूनच होते. एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्यात २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. इथे निधी पुढे वाटणं हीच रीत आहे. ‘न्यू अमेरिकन्स इनिशिएटिव्ह’ या नागरिकत्व-मदतीच्या योजनेत २००५ पासून राज्याचा पैसा एका मोठ्या आघाडी-संस्थेमार्फत वस्तीतल्या छोट्या संस्थांपर्यंत जातो. छोट्या संस्थेचा करार आघाडी-संस्थेशी असला तरी राज्याचे नियम त्या पैशासोबत खाली येतात. ‘आम्ही कुठे सरकारकडून घेतले?’ हे उत्तर ऑडिटमध्ये चालत नाही.

म्हणून कामाला लागल्यावर पहिला प्रश्न हा: हा डॉलर मुळात कुणाचा? फेडरल, राज्याचा, शहराचा की खासगी फाउंडेशनचा? एकाच टेबलावर, एकाच कर्मचाऱ्याच्या हातून दिलेल्या सेवेसाठी उत्तर वेगवेगळं असू शकतं, आणि कुणाला सेवा देता येते ते त्यावर ठरतं. १९९६ च्या फेडरल कल्याण-सुधारणा कायद्याने फेडरल लाभ ठरावीक इमिग्रेशन दर्जाच्या लोकांपुरते ठेवले. कागदपत्रं नसलेल्यांना राज्याच्या पैशातून लाभ द्यायचा असेल तर राज्याने २२ ऑगस्ट १९९६ नंतर तसा कायदा करावा लागतो. याच कायद्यात धर्मादाय संस्थांना लाभार्थ्याची पात्रता तपासण्याच्या बंधनातून सूट लिहिलेली आहे. मात्र करारात वेगळी अट आहे का, हे वाचल्याशिवाय या सुटीवर विसंबू नये. ‘फेडरल लाभ’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या २०२५ मध्ये काही खात्यांनी रुंदावली आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा पात्रतेचा तक्ता तसाच चिकटवून वापरू नका.

बहुतेक अटी पैशाला चिकटतात, पण एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. गरिबांच्या कायदा-मदतीसाठी फेडरल पैसा वाटणाऱ्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनचा निधी घेणाऱ्या कायदा-मदत संस्थेवर कागदपत्रं नसलेल्यांचं वकीलपत्र घेण्याची बंदी बहुतांशी पूर्ण संस्थेला लागू होते, दुसऱ्या पैशातूनही ते घेता येत नाही. घरगुती हिंसाचार, मानवी तस्करी असे अपवाद आहेत. अशीलाला पुढे पाठवताना समोरची संस्था या निधीवर आहे का, हे आधी फोनवर विचारा. आजारी माणूस, त्यात बर्फ, त्यात दोन बस बदलून जायचं आणि तिथून परत यायचं, हे टाळता येतं.

आता अर्जाकडे. इलिनॉयमध्ये ‘गाटा’ हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येईल. ग्रँट अकाउंटेबिलिटी अँड ट्रान्स्परन्सी अ‍ॅक्ट, २०१४ चा. फेडरल ग्रँटचे हिशेबाचे नियम या कायद्याने राज्याच्या पैशालाही लावले. आधी सॅम डॉट गव्ह या फेडरल सरकारच्या नोंदणी-साइटवर नोंदणी करून यूईआय, म्हणजे संस्थेचा ओळख-क्रमांक, घ्यायचा, मग राज्याच्या ग्रँटी पोर्टलवर खातं काढायचं, मग पूर्वपात्रता. इथे पोर्टल स्वतःच तपासतं: सॅमची नोंदणी चालू आहे का, सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (संस्थांची नोंदणी ठेवणारं राज्याचं कार्यालय) संस्था ‘गुड स्टँडिंग’मध्ये, म्हणजे नोंदणी वैध असलेली, आहे का, फेडरल बंदीच्या यादीत, राज्याच्या स्टॉप पेमेंट (पैसे रोखलेल्यांच्या) यादीत किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेच्या निर्बंध-यादीत नाव आहे का.

अडतं ते बहुधा क्षुल्लक गोष्टींवर. सॅमची नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते आणि ती संपत आल्याची सूचना नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर जात राहते. सेक्रेटरी ऑफ स्टेटकडच्या वार्षिक अहवालाची फी १० डॉलर, पण तो राहिला की लाखाची ग्रँट थांबते. संस्थेचं नाव एका कागदावर ‘इन्कॉर्पोरेटेड’सकट आणि दुसऱ्यावर त्याशिवाय असेल, किंवा जुन्या ऑफिसचा पत्ता राहिला असेल, तर सॅमची पडताळणी आठवडे खाते. सॅमची नोंदणी फुकट आहे. ‘करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्यांचे फोन येतात, ते ठेवून द्या.

यानंतर अंतर्गत नियंत्रणांची प्रश्नावली. तिच्यावरून संस्थेची जोखीम ठरते, आणि त्यानुसार जास्त रिपोर्टिंगसारख्या खास अटी लागतात. सगळीकडे ‘हो’ ठोकण्याचा मोह होतो. खरेदीचं लिखित धोरण नसेल तर ‘नाही’ लिहा, ते करून घ्या आणि अट काढून घ्या. मॉनिटरिंगला माणूस आला की धोरणाची प्रत मागतो, आणि खोटं ‘हो’ तिथे फार महाग पडतं.

बजेटमधली ठरलेली चूक अप्रत्यक्ष खर्चात होते, म्हणजे हिशेबनीसाच्या पगारासारख्या पूर्ण संस्थेच्या सामाईक खर्चात. सरकारशी वाटाघाटीने ठरवलेला दर नसेल तर संस्था सरसकट दर घेऊ शकते. फेडरल नियमात तो ऑक्टोबर २०२४ पासून १० चा १५ टक्के झाला. तो संपूर्ण प्रत्यक्ष खर्चावर लागत नाही, काही बाबी वगळून उरलेल्या रकमेवर लागतो. समजा पगार ६०,०००, फ्रिंज (विम्यासारखे पगाराबाहेरचे लाभ) १३,२००, प्रवास १,८००, साहित्य ३,०००, दुभाषा २,०००. हे झाले ८०,०००. त्यावर जागेचं भाडं ९,००० आणि प्रशिक्षणार्थींचा भत्ता ६,०००. एकूण ९५,०००, पण भाडं आणि भत्ता वगळायचे. म्हणजे १५ टक्के ८०,००० वर, १२,००० डॉलर. ९५,००० वर काढले तर १४,२५० येतात आणि वरचे २,२५० अर्ज तपासताना, किंवा त्याहून वाईट म्हणजे खर्च झाल्यावर, कापले जातात. काही संस्था मन मोठं करून अप्रत्यक्ष खर्च शून्य दाखवतात. त्याने ग्रँट मिळेलच असं नाही, हिशेबनीसाचा पगार मात्र कुठून तरी काढावाच लागतो.

टाइमशीट हा दुसरा सापळा. एका माणसाचा पगार तीन ग्रँटमधून ४०, ३५, २५ टक्के असा लिहिलेला असतो. मग दर पंधरवड्याला टाइमशीटवरही नेमके तेच आकडे. नियम सांगतो की पगाराची नोंद प्रत्यक्ष केलेल्या कामावर हवी, बजेटच्या अंदाजावर नाही. नागरिकत्वाच्या कार्यशाळेचा आठवडा आणि शांत आठवडा यांत फरक न दिसणारी टाइमशीट ऑडिटरला लगेच खटकते. रोजचे तास रोज लिहायचे, आणि बजेटपासून फरक फार पडू लागला तर बजेट बदलून मागायचं.

पैसे बहुधा आधी मिळत नाहीत. खर्च करा, बिल द्या, मग परतफेड. शिवाय करारात ‘विधिमंडळाने तरतूद केल्यास’ ही ओळ असतेच, आणि ती नुसती शोभेची नाही: जुलै २०१५ ते जुलै २०१७ इलिनॉयला पूर्ण बजेटच नव्हतं आणि सेवा देणाऱ्या संस्थांची बिलं तुंबली. ४२ ते ६४ वयोगटातल्या स्थलांतरितांची आरोग्य योजना राज्याने १ जुलै २०२५ ला बंद केली, तीही पैशाच्या कारणाने. तेव्हा तीन महिन्यांचा पगार निघेल एवढी गंगाजळी किंवा बँकेची क्रेडिट लाइन नसेल, तर मोठी राज्य-ग्रँट छोट्या संस्थेला बुडवूही शकते.

राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. मुदत संपताना खर्च न झालेला आणि कायदेशीर बांधिलकीत न अडकलेला पैसा ४५ दिवसांत परत करायचा. जूनच्या अखेरीस पाच हजार माहितीपत्रकं छापून घेण्याची हौस येते ती यामुळेच. वाटपाचा पुरावा नसला तर ती रक्कम प्रश्नात येते.

इमिग्रेशनचे फॉर्म भरून देणं हे कायद्याचं काम धरलं जातं. वकील नसलेल्या कर्मचाऱ्याने ते करायचं तर संस्थेला न्याय खात्याची मान्यता आणि त्या व्यक्तीला अधिस्वीकृती लागते: फॉर्म ईओआयआर-३१ संस्थेसाठी, ३१ए व्यक्तीसाठी, फी नाही. मान्यता सहा वर्षांची, अधिस्वीकृती तीन वर्षांची. ग्रँटच्या उद्दिष्टात ‘२०० अर्ज’ लिहिण्याआधी अधिस्वीकृतीची मुदत बघा. ती मधेच संपली तर आकडा गाठायला हक्काचं माणूसच उरत नाही.

रिपोर्टमध्ये आकडे द्यायचे, नावं नाहीत, आणि एकच माणूस चारदा आला तरी ‘एकूण व्यक्ती’च्या रकान्यात एकदाच. ग्रँटला इमिग्रेशन दर्जा लागत नसेल तर तो केस-नोटमध्ये लिहूच नका. लिहिलेला कागद मागवला जाऊ शकतो.