व्हायव्हाआधी जीभ तयार करा

लातूर पॅटर्नमधून मेडिकलला आलेल्या पोरांचं एक हमखास दुखणं: शब्द डोळ्यांना ओळखीचा, जिभेला परका. नीटसाठी ओएमआर शीटवर गोळे काळे केलेले असतात, शब्द मोठ्यानं म्हणायची वेळच आलेली नसते. मग अंबाजोगाई असो की नांदेड, पहिल्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उत्तर येत असूनही तोंडातून निघत नाही.

आम्ही हॉस्टेलवर शब्द फोडून म्हणायचो. पित्ताशय काढायच्या ऑपरेशनचंच नाव घ्या, कोलिसिस्टेक्टमी. अर्थासाठी तुकडे तीन: कोली म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे कापून काढणं. इथवर कुठलंही गाईड सांगतं. घोळ पुढं आहे, कारण बोलताना शब्द त्याच जागी तुटत नाही. को-लि-सिस्-टेक्-ट-मी. सिस्टचा ट पुढच्या ‘ए’ला जाऊन चिकटतो. वहीत दोन्ही फोडी एकाखाली एक लिहा, वर अर्थाची, खाली जिभेची. जोर ‘टेक्’वर, शेवटून तिसऱ्या तुकड्यावर. शेवटी लॉजी, स्कपी, ग्रफी येणाऱ्या शब्दांनाही हाच हिशोब. म्हणून घशातलं स्वरयंत्र बघायचं यंत्र लॅ-रिंग-गो-स्कोप, जोर ‘रिंग’वर, पण तपासणी लॅ-रिंग-गॉस्-क-पी, जोर सरकून ‘गॉस्’वर. मराठी बोलताना आपण असा जोर फारसा देत नाही, त्यामुळं हे कानावर मुद्दाम पाडून घ्यावं लागतं. आणि सीएच दिसला की ‘च’ नको, ग्रीक शब्दात तो बहुतेक ‘क’: कॉलरा, क्रॉनिक.

मराठी माध्यमवाल्यांनी उगाच दबून राहू नये. शाळेत लाळेतलं टायलिन शिकलो तेव्हा त्यात ‘प’ नव्हताच. इंग्रजी स्पेलिंगमधला (ptyalin) पी-टी बघून बिचकायला नंतर लागलो. सुरुवातीला पी-टी किंवा पी-एन आलं की पी गप्प बसतो: टायलिन, न्यूमोनिया, डोळ्यावर पडदा वाढतो ते टेरिजियम. मध्ये आला की मागच्या स्वराला धरून बोलतो: अ‍ॅप्-नि-या, म्हणजे श्वास थांबणं. टेरिजियम आणि हेलिकॉप्टर, दोन्हींत पंखाचाच ग्रीक शब्द आहे. एकात पी मुका, दुसऱ्यात ‘कॉप्’ला लटकलेला.

राहिला बीपी मोजायचा स्फिग्मोमॅनोमीटर. स्फिग्-मो-म-नॉ-मि-टर, जोर ‘नॉ’वर, व्हायव्हापुरता घोटून ठेवा. वॉर्डात मात्र बीपीचं मशीनच मागा, नाहीतर सिस्टर वरून खालपर्यंत बघतात.