युद्धावरचं संसदेतलं मतदान कसं वाचावं

नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलांना आधी दोन तारखा लिहायला लावते: हल्ला कधी सुरू झाला आणि मतदान कधी झालं. सरावाला ब्रिटन घ्या, कारण तिथल्या कॉमन्सचं, म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहाचं, कामकाज इंटरनेटवर फुकट वाचता येतं. लिबियावर हल्ले सुरू झाले १९ मार्च २०११ ला, मतदान २१ मार्चला. ५५७ विरुद्ध १३! बहुमत दणदणीत, पण विमानं आधीच उडाली होती.

मग ठराव वाचा, हातात पेन्सिल घेऊन. १८ मार्च २००३ च्या इराक ठरावात 'आवश्यक ती सर्व साधनं' वापरायला मान्यता होती. या शब्दांखाली रेघ मारा. अख्खं युद्ध त्यात मावलं. शेवटच्या ४१२ विरुद्ध १४९ वर थांबू नका, फेटाळलेल्या उपसूचनेकडेही बघा. युद्धाची गरज अजून सिद्ध झालेली नाही, असं म्हणणाऱ्या उपसूचनेला २१७ मतं पडली होती. ती अस्वस्थता मला फार मोलाची वाटते.

कायद्याचं बंधन होतं का, हेही तपासा. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरचा ठराव २७२ विरुद्ध २८५ असा पडला आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून थांबले. एप्रिल २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेला न विचारताच सीरियावर हल्ले केले. तिथल्या कायद्याने दोन्ही चालतं, कारण संसदेला विचारण्याची सक्तीच नाही.

आपल्या राज्यघटनेतही युद्धाआधी संसदेला विचारण्याची सक्ती नाही. मात्र अनुच्छेद ३५२ खालची, म्हणजे युद्धासारख्या कारणाने जाहीर होणारी, आणीबाणी महिन्याभरात दोन्ही सभागृहांनी मंजूर करावी लागते. खर्चाच्या पुरवणी मागण्याही लोकसभेपुढेच येतात. ते कागद जरूर उघडा.