विद्यापीठ ग्रंथालयात कर्मचारी-पत्रक आणि आरोग्य-उपक्रम कसे चालवावेत

विद्यापीठाच्या ग्रंथालयात आरोग्य शिबिर भरतं आणि निम्मे लोक येत नाहीत. मग 'लोकांना स्वतःच्या तब्येतीची काळजीच नाही' असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. सूचना ईमेलवर गेलेली असते आणि परिचर ईमेल वापरत नाहीत. शिबिर सकाळी दहा ते एक ठेवलेलं असतं, पण अभ्यासिका सांभाळणारा माणूस दुपारी तीनला येऊन रात्री अकराला घरी जातो. काउंटर सोडून जायची परवानगी तोंडी दिलेली असते आणि तोंडी परवानगीवर कोणी काउंटर सोडत नाही. म्हणून कर्मचाऱ्यांपर्यंत बातमी पोचवणं आणि त्यांच्या आरोग्यासाठी काही करणं ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे द्यावीत.

आधी माणसांची यादी

पहिल्या आठवड्यात फक्त यादी करा. आस्थापना विभागाकडून मिळणारी यादी अपुरी असते, कारण तिच्यात कंत्राटी माणसं नसतात. ग्रंथपाल, उपग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, ग्रंथालय सहाय्यक आणि परिचर यांच्याबरोबर कंत्राटी डेटा एंट्रीवाले, बांधणी विभागातले कामगार, सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि 'कमवा व शिका' योजनेतले विद्यार्थी हेही यादीत हवेत. पुस्तकांची धूळ या सगळ्यांच्याच नाकात जाते.

प्रत्येक नावापुढे चारच रकाने ठेवा: पाळी, कामाची जागा, सूचना कशी हवी (कागद, व्हॉट्सॲप की ईमेल) आणि पत्रकात नाव छापलेलं चालेल का. शेवटच्या रकान्यात ज्याची त्याने स्वतः सही करावी. आजाराचा रकाना ठेवू नका. ती माहिती डॉक्टरकडे असावी, तुमच्याकडे नको.

एक पानाचं पत्रक

महिन्यातून एकदा, ए-फोर आकाराचा एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. एवढं पुरतं. चार-आठ पानांचं वार्तापत्र दोन-तीन अंक निघतं आणि परीक्षांच्या महिन्यात बंद पडतं, कारण ते भरायला वेळ असलेला माणूस ग्रंथालयात नसतो.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. अनेक कार्यालयांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टायपिंग होतं. तो मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. मंगल किंवा मुक्ता फॉन्ट घ्या आणि आकार १४ पॉइंट ठेवा. चाळिशी ओलांडलेल्याला मस्टरपाशी उभं राहून, चष्मा न लावता वाचता आलं पाहिजे.

कागद लावायच्या जागा ठरलेल्या असाव्यात: मस्टर किंवा थंब मशीनच्या शेजारी, चहाच्या जागी, देवघेव काउंटरच्या आतल्या बाजूला आणि सुरक्षारक्षकाच्या टेबलावर. मुख्य सूचना फलकावर लावलेलं पत्रक विद्यार्थी वाचतात, कर्मचारी नाही. व्हॉट्सॲपवर पीडीएफऐवजी पानाचं चित्र पाठवा, म्हणजे फाइल वेगळी उघडावी लागत नाही. त्या चित्राखाली महत्त्वाच्या दोन ओळी मजकूर म्हणून टाका, नाहीतर नंतर शोधताना काहीच सापडत नाही. पत्रकाचा गट वेगळा हवा आणि त्यात संदेश टाकायची मुभा फक्त ॲडमिनला. शुभेच्छांच्या फुलांखाली शिबिराची वेळ गाडली जाण्याचा अनुभव प्रत्येक कार्यालयाला आहे.

प्रत्येक उपक्रमाच्या सूचनेत सहा गोष्टी असल्याच पाहिजेत: काय, कधी, कुठे, कोणासाठी, त्या वेळात तुमच्या जागी कोण बसेल आणि नाव कोणाकडे द्यायचं. पाचवी गोष्ट सगळीकडे राहून जाते आणि उपस्थितीचं गणित तिच्यावरच अडतं. 'देवघेव काउंटर: १० ते १०.३० संदर्भ विभागाकडे' असं लिहिलेलं असलं की माणूस निर्धास्त उठतो. त्यासाठी ग्रंथपालांच्या सहीचं परिपत्रक आधी काढून घ्या. उपक्रमाचा वेळ कामाचाच धरला जाईल आणि कंत्राटी माणसाचा पगार कापला जाणार नाही, ही दोन वाक्यं त्यात स्पष्ट हवीत. कंत्राटदारालाही त्याची प्रत द्या.

कोणती बातमी छापायची, कोणती नाही

नेमणूक, बढती, विभागबदल, सेट-नेट किंवा पीएचडी, प्रशिक्षणाला निवड, निवृत्ती, निधन. यातल्या निवृत्तीकडे विशेष लक्ष द्या. निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते आणि जन्मतारीख १ असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख लावली गेलेले लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यामुळे ३१ मे रोजी एकाच वेळी अनेक जण निवृत्त होतात आणि तेव्हा उन्हाळी सुट्टीमुळे निम्मं ग्रंथालय गावी गेलेलं असतं. ही बातमी एप्रिलच्याच अंकात द्या आणि निरोप समारंभ सुट्टी लागण्याआधी उरका. तीस वर्षं रॅक सांभाळलेल्या परिचराला रिकाम्या दालनातून निरोप देऊ नये.

वाढदिवस छापायचे तर दिवस आणि महिना द्या, साल नको. रजेवरच्या माणसाबद्दल 'रजेवर आहेत' एवढंच लिहा, आजाराचं नाव कधीच नको. 'लवकर बरे व्हा' म्हणून छापलेली ओळही शस्त्रक्रियेची बातमी बाहेर फोडते. गरोदरपणाची बातमी त्या बाईंनी स्वतः छापायला सांगितली तरच. बढतीची बातमी आदेश हातात आल्यावर.

अंग कुठे झिजतं ते पाहा

योगवर्ग ठरवण्याआधी प्रत्येक विभागात अर्धा तास थांबून काम बघा. ग्रंथालयातली दुखणी कामाप्रमाणे वेगळी असतात. सगळ्यांसाठी एकच उपाय केला तर तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

रॅकमध्ये काम करणाऱ्यांचं दुखणं कमरेचं आणि खांद्याचं. नियतकालिकांचे बांधीव खंड वजनदार असतात, त्यातही वर्तमानपत्रांचे सर्वाधिक. बऱ्याच ठिकाणी हेच खंड सगळ्यात वरच्या किंवा सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलेले असतात, कारण ते क्वचित लागतात. ही मांडणी बदला. जड खंड गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली, हलकी पुस्तकं वर. फळी तीन-चतुर्थांशच भरा. गच्च भरलेल्या फळीतून पुस्तक ओढताना मनगटावर ताण येतो आणि पुस्तकाचा कणाही फाटतो. पुस्तक वरच्या टोकाला बोट घालून ओढू नये. दोन्ही बाजूंची पुस्तकं थोडी आत ढकलून मधलं पुस्तक मुठीत धरून काढावं. ट्रॉली ओढण्यापेक्षा ढकलावी आणि जड पुस्तकं तिच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत. एक चाक अडकत असेल तर आधी तिची दुरुस्ती करा. अडकणारी ट्रॉली रोज ढकलत राहिलं तर कमरेच्या व्यायामाचा फायदा टिकत नाही. उंचावरून काढायला घोडा किंवा पायरीचा स्टूल हवा. चाकाच्या खुर्चीवर चढणं बंद करा.

काउंटरवरच्यांना सतत उभं राहावं लागतं. पायाखाली जाड रबरी चटई द्या आणि १०-१५ सेंटिमीटर उंचीचं पाटासारखं काहीतरी ठेवा, म्हणजे एक एक पाय आलटून-पालटून त्यावर टेकवता येतो. दर तासाला बसणारा आणि उभा राहणारा यांची अदलाबदल करा.

तालिकीकरण (पुस्तकांच्या सूचीसाठी नोंदी करणं) आणि डेटा एंट्री करणाऱ्यांचं दुखणं मानेचं आणि डोळ्यांचं. पडदा हातभर अंतरावर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर, आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा थोडी खाली हवी. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा, नाहीतर खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी वर जाते आणि मान धरते. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. पुस्तक टेबलावर आडवं ठेवून नोंद करू नका. ते पडद्याशेजारी उभ्या स्टँडवर ठेवा, मान कमी वळते.

धूळ आणि बुरशी सगळ्यांच्या वाट्याला येते. साध्या कापडी किंवा सर्जिकल मास्कच्या कडांमधून धूळ आत जाते. साठा पडताळणीत आणि जुनी पुस्तकं झाडताना एन-९५ मास्क लागतो, तोही नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. कोरडा झटकणा धूळ हवेत उडवतो. हेपा फिल्टरचा (बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम क्लीनर वापरा. तो नसेल तर किंचित ओलसर कापडाने रॅकच्या फळ्या पुसा (पुस्तकं नव्हे) आणि आधी खिडक्या उघडा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात तळघरात आर्द्रतामापक ठेवून रोज आकडा लिहा. बुरशी लागलेलं पुस्तक तिथेच झटकू नका. हातमोजे आणि मास्क घालून ते पिशवीत बंद करा आणि वेगळं ठेवा. दमा असलेल्याला हे काम देऊ नका.

कीटकनाशकं आणि बुरशीनाशकांबद्दल एवढं तरी पाळा: थायमॉल किंवा पॅराडायक्लोरोबेंझीनने पुस्तकांना धुरी दिलेल्या कपाटाजवळ कोणाचं टेबल नको आणि कपाट उघडल्यावर खोली मोकळी ठेवून हवा खेळू द्या. नॅप्थलीनच्या गोळ्या टेबलाच्या खणात ठेवायची सवय मोडा. ज्यांच्या शरीरात जी-६-पी-डी या विकराची कमतरता असते त्यांच्या रक्तपेशी त्या गोळ्यांच्या वाफेनेही फुटू शकतात आणि ही कमतरता अनेकांना माहीतही नसते.

तपासणी शिबिर

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जन्मदिनी, १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिन असतो. शिबिर त्याच दिवशी घ्यावं असं वाटतं. पण बहुतेक वर्षी तेव्हा श्रावण चालू असतो, उपास असतात, आणि साबुदाणा खाल्ल्यावर जेवणानंतरच्या साखरेच्या आकड्याला अर्थ उरत नाही. रमजानमध्येही तपासणीसाठी रक्त दिल्यावर लगेच काही खाता येत नाही. ग्रंथपाल दिनी शिबिराची तारीख जाहीर करा आणि शिबिर दिवाळीनंतर, परीक्षांची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या आसपास घ्या.

चाळीस माणसं असतील तर दोन सकाळी ठेवा, साडेसात ते साडेनऊ. रक्त घ्यायला माणशी पाच मिनिटं धरा, म्हणजे रोज वीस जण निवांत होतात. उपाशीपोटी म्हणजे आठ ते बारा तास काही न खाता. पाणी चालतं, चहा चालत नाही. हे आदल्या दिवशी फोनवर परत सांगा. रात्रपाळीवाल्यांना सकाळी येणं अवघड असेल तर त्यांच्यासाठी एचबीए१सी चाचणी घ्या. तिला उपाशी राहावं लागत नाही आणि मागच्या साधारण तीन महिन्यांतली साखरेची सरासरी कळते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे डॉक्टरकडे जाऊन खात्री करून घ्यायची.

रक्तदाब घाईत मोजला की हमखास जास्त येतो. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत टेबलावर, बोलायचं नाही. दोनदा मोजा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर दुसऱ्या दिवशी परत मोजायला सांगा, तिथल्या तिथे 'तुम्हाला बीपी आहे' असं जाहीर करू नका.

अहवाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हाती. ग्रंथपालांच्या टेबलावर पाकिटांचा गठ्ठा ठेवला तर पुढच्या वर्षी कोणी येणार नाही. कार्यालयाला फक्त एकूण आकडे द्या. एखाद्या गटात पाचांपेक्षा कमी माणसं असतील तर त्या गटाचा वेगळा आकडाही देऊ नका, कारण कोणाबद्दल आहे ते सगळ्यांना ओळखता येतं. कंत्राटी कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकात ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्के कपात दिसत असेल तर त्याला आणि त्याच्या कुटुंबाला ईएसआय दवाखान्यात उपचार मिळतात. कार्ड कसं काढायचं ते पत्रकात छापा. पैसे कापले जातात पण कार्ड हातात नाही, अशी माणसं प्रत्येक ठिकाणी सापडतात.

मनाचं आरोग्य

ना-देय दाखल्यांच्या (विद्यार्थ्याकडे पुस्तक किंवा दंड बाकी नाही, असे दाखले) दिवसांत काउंटरवरचा माणूस दिवसभर चिडलेल्या लोकांशी बोलतो. त्या आठवड्यांत काउंटरची पाळी दोन तासांची करा आणि वाद वाढला तर कोणाला बोलवायचं ते आधीच ठरवा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक अंकात त्याच जागी छापा, म्हणजे कागद न शोधता आठवतो. विद्यापीठातल्याच मानसशास्त्र विभागाकडून समुपदेशन ठेवताना जरा थांबा. समुपदेशन करायला समोर बसणारा तिथला विद्यार्थी उद्या पुस्तक घ्यायला याच काउंटरवर येणार असतो, त्यामुळे लोक मोकळे होत नाहीत. बाहेरचा समुपदेशक बरा.

पत्रकात या क्रमांकाशेजारीच लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावंही द्या. समितीची माहिती ठळक जागी लावणं २०१३ च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

पुढचा अंक

प्रत्येक उपक्रमानंतर दोनच प्रश्न विचारा, चिठ्ठीवर, नाव न घेता: उपयोग झाला का, आणि यायला काय अडलं. दुसऱ्या प्रश्नाच्या चिठ्ठ्या न आलेल्यांकडूनही मागवा. उपस्थिती एकूण मोजू नका, पाळीप्रमाणे आणि पदाप्रमाणे मोजा. ऐंशी टक्के लोक आले असं दिसतं आणि संध्याकाळच्या पाळीतला एकही आलेला नसतो, असं होतं. चिठ्ठ्यांमधून आलेल्या मागण्यांपैकी कोणती पूर्ण झाली, कोणती नाही आणि का, हे पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर छापा. अंकांची एक फाइल ठेवा, नावांची यादी आणि परिपत्रकाची प्रत तिच्यातच लावा, आणि शक्यतो परिचरांपैकी एक जण दर अंकाच्या कामात बरोबर घ्या. तुमची बदली झाली तर फाइल आणि काम त्याच्याकडून पुढच्या माणसाकडे जाईल.