शाळा बांधताय? आधी वारा बघा

आमच्या गावच्या शाळेला चार खोल्या वाढवायचं ठरलं, तेव्हा हवेवर काय परिणाम होईल ते बघायचं काम कमिटीनं माझ्या गळ्यात घातलं. मी ते जुलैत उरकलं आणि पार फसलो. आता शेजारच्या गावात तसंच काम निघालंय आणि तिथली मंडळी यादी मागतायत. ही घ्या. नकाशा, उतारा, परवानगी यातलं काही लिहीत नाही, ते पीडीओ (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी) सांगतील.

पहिला वारा. बेळगावच्या पश्चिम भागात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, घाटावरून, सोसाट्यानं. मी तेवढंच बघितलं आणि वाळू-खडीचे ढीग, सिमेंटची शेड, मिक्सर सगळं जुन्या वर्गांच्या पूर्वेला मांडलं. धूळ शेतात जाईल, असा हिशेब. काम निघालं दिवाळीनंतर. तोवर वारा फिरला होता. हिवाळ्यात तो पूर्वेकडून येतो, हे मला जन्मापासून माहीत आहे, पण कागद भरताना आठवलं नाही. सगळी धूळ थेट पहिली-दुसरीच्या खिडक्यांतून आत. ढीग हलवायला तीन दिवस गेले आणि काँट्रॅक्टरची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तेव्हा वारा बघायचा तो कामाच्या महिन्यांचा, पाहणीच्या महिन्याचा नव्हे. यंत्र नसेल तर गावातल्या जुन्या शेतकऱ्याला विचारा, सुगीत भाताला वारं देताना सूप कुठल्या अंगाला धरता? नेमक्या त्याच महिन्यांत तुमचं काम चालणार असतं. शिवाय बांबूला फडकं बांधा आणि सकाळ-दुपार दिशा वहीत लिहा. काम एप्रिलपर्यंत लांबलं (लांबतंच), तर दुपारी पश्चिमेचा वारा पुन्हा सुरू होतो. म्हणून ढिगांच्या दोन जागा आधीच ठरवून ठेवा.

दुसरी गोष्ट काम सुरू होण्याआधी हवेतल्या धुळीची नोंद. तीही कोरड्या दिवसांतली. माझे जुलैचे आकडे इतके देखणे आले की कोणीही खूश व्हावं, पण ती करामत पावसाची. हिवाळ्यात कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू असतात, उसाचा पाला जळतो, वीटभट्ट्या पेटतात आणि थंडीच्या सकाळी धूर वर न जाता जमिनीलगत बसतो. हे आधी मोजलं नसेल तर दोन्हीकडून मरण. गाव म्हणेल सगळी धूळ बांधकामाची, काँट्रॅक्टर म्हणेल ही आधीचीच. देशाचं २००९ चं मानक २४ तासांच्या सरासरीला घनमीटर हवेमागे पीएम १० (हवेत तरंगणारी बारीक धूळ) साठी १०० आणि पीएम २.५ (त्याहून बारीक) साठी ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा मिनिटं यंत्र धरून फोटो काढला की झालं, असं नाही. पूर्ण दिवस-रात्र मोजा, तेही बऱ्याच दिवसांचं. स्वस्तातलं लेझरचं यंत्र दमट हवेत पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजतं, त्यामुळे धुक्यातल्या पहाटेच्या आकड्यावर विसंबू नका. यंत्र गच्चीवर नको. वर्गाच्या खिडकीशी ठेवा, मुलाच्या नाकाच्या उंचीवर.

जुनी खोली पाडायची असेल आणि वर सिमेंटचे पत्रे असतील, तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. पत्रे भिजवून, बोल्ट काढून अख्खे उतरवा. घण घालायचा नाही. मुलं आवारात असताना तर हात लावायचाच नाही. दसऱ्याच्या सुट्टीत नाहीतर एप्रिल-मेमध्ये करा. कौलांची एवढी भीती नाही.

केंद्राच्या २०१८ च्या धूळविषयक नियमांत उघड्यावर फरशी कापायला-घासायला बंदी आहे, माती-वाळू झाकून ठेवायची आहे आणि इमारतीच्या एक तृतीयांश उंचीचा, जास्तीत जास्त १० मीटर, वारा अडवणारा आडोसा लावायचा आहे. खेड्यात हे कोण विचारतंय, असं काँट्रॅक्टर म्हणेल. त्याच्याशी वाद घालत बसू नका, करारातच लिहून घ्या. आणि आडोसा कुठल्या बाजूला? पुन्हा तेच, कामाच्या महिन्यांतला वारा बघून. आमचा पश्चिमेला उभा होता, शोभेला.

धूळ बसवायला मारायच्या फवारणीचं पाणी करारात वेगळ्या ओळीत मांडा. नाहीतर मार्चमध्ये बोअर आटली की पहिली काटछाट तिथेच होते आणि आपली लाल माती वाळली की पिठासारखी उडते. टिपरवर ताडपत्री हवी. शाळा भरताना-सुटताना फेरी नको.

बाकीचं थोडक्यात. रंग दिल्यावर खोल्या उघड्या ठेवून वास जाऊ द्या, लगेच मुलं बसवू नका. गेटवर व्हॅन-रिक्षांची इंजिनं बंद. बिसीऊटाच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) स्वयंपाकखोलीचा धूर, जनरेटर, हे तुम्हाला कळतंच. फक्त त्यांच्या जागा ठरवताना वारा बघा. दोन्ही वारे.